मागचं बेअरिंग गार आहे

त्या शनिवारी सकाळी कूनारा पाण्यावर नव्हती. पाण्याच्या हातभर वर, हवेत तरंगत होती. वारा पडलेला असला आणि ऊन कोवळं असलं की पोर्ट टर्नेलच्या आखातात असं होतं. पलीकडच्या टेकड्या बुडातून सुटतात, तिवरांची रांग उलटी होऊन आभाळाला लागते, आणि धक्क्याला जाड दोरांनी बांधलेली ही जुनी लढाऊ आगबोट कुठेतरी निघाल्यासारखी दिसते. गावातलं कोणी त्यासाठी मान वर करत नाही. मर्टल पेंगेली मात्र त्या दिवशी धक्क्यावर उभी राहून बघत राहिली. बोट खाली येईल, मग चढू, असं तिनं मनाशी म्हटलं. बोट काही खाली येईना.

साऱ्या गावाला माहीत होतं की मर्टल कूनाराला सवत म्हणते. तिचा नवरा क्लॅरी तरुणपणी याच बोटीच्या भट्टी-इंजिनावर आगवाला होता. पुढे नौदलानं बोट मोडीत काढली, ती आखाताच्या वरच्या अंगाला चिखलात कलंडून पडली, आणि क्लॅरी किनाऱ्यावर येऊन शिसं वितळवायच्या कारखान्यात लागला, लग्न केलं, चार माणसांसारखा झाला. पोरं हाताशी आली तेव्हा गावातल्या काही जुन्या खलाशांच्या डोक्यात खूळ शिरलं. त्यांनी ती बोट चिखलातून ओढून आणली. पगार नाही, कोणी सांगितलेलं नाही, आणि हे तिला खरवडायला, घासायला, रंगवायला बसले. लोक बघायला येऊ लागले. तेव्हापासून क्लॅरीचा शनिवार बोटीचा झाला. पोरांचे फुटबॉलचे सामने, भाच्यांची लग्नं, मर्टलच्या गुडघ्याचं ऑपरेशन, जे काय असेल ते शनिवार सोडून करायचं. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा अंगाला तेलाचा वास आणि तोंडावर दुसऱ्या घरी जेवून आलेल्या माणसाचं समाधान.

“ये की एकदा वर,” तो म्हणायचा.

“सवतीच्या घरी मी पाणीसुद्धा प्यायची नाही,” मर्टल म्हणायची, आणि त्याचं ताट ओव्हनमधून काढून पुढ्यात ठेवायची.

अर्धा जन्म हेच बोलणं. त्यातली गंमत कधीच आटली होती, शब्द तेवढे राहिले होते.

आज ती आली होती, कारण क्लॅरीला झोप नव्हती. हिवाळ्यापासून तो टेकडीवरच्या वृद्धाश्रमात होता. माणसं त्याला ओळखू येत नव्हती. मर्टलला तो कधी बहीण समजे, कधी नर्स, आणि बहुतेक वेळा काहीच समजत नसे. ते तिनं गिळलं होतं. पण त्याचा डोळा लागला न लागला की तो उठून बसायचा, बूट चढवायचा आणि भिंतीला हात लावत चालू लागायचा. “माझी ड्यूटी सुटली नाही,” म्हणायचा. “सुटल्याशिवाय वर कसा येऊ?” चालता चालता पडायचा. कपाळावर खोक पडली होती, मनगट सुजलं होतं. तिथली नर्स सेला, टोंगा बेटावरची, मोठ्या हाडाची आणि मोठ्या मनाची बाई. तिनं परवा मर्टलला बाजूला घेतलं होतं.

“मिसेस पेंगेली, सोमवारी डॉक्टर येतील. गुंगीचं औषध वाढवायचं म्हणतायत. मग आजोबा पडणार नाहीत.” सेलानं चादरीची घडी उगाच नीट केली. “पण मग ते उठणारही नाहीत हो. मी बघितलंय असं. माणूस असतो, पण नसतो.”

घरी परतताना मर्टलला तबकडी आठवली. उभ्या जन्मात तिनं बोटीवर पाय ठेवला नव्हता, पण जेवणाच्या टेबलाशी ऐकून ऐकून ती बोट तिला पाठ होती. वर सुकाणूपाशी पितळेची एक तबकडी, आणि खाली इंजिनापाशी तिची जुळी बहीण. वरचा काटा फिरवला की खाली घंटा वाजते आणि खालचा काटा तेच दाखवतो. हळू पुढे. थांबा. तयार राहा. आणि सगळ्यात शेवटी, प्रवास संपून बंदर आलं की: इंजिनांचं काम संपलं. काटा तिथे आला की आगवाले हात पुसून वर येतात. मर्टलनं ठरवलं, ती घंटा वाजवून घ्यायची. नातीनं दिलेल्या फोनमध्ये ती धरून आणायची आणि क्लॅरीच्या कानाशी लावायची. सोमवारच्या आत. एवढंच मागणं होतं तिचं.

शेवटी ती चढली. बोट पायाखाली आली तेव्हा घट्ट होती, जमिनीसारखी.

शिडीच्या तोंडाशी टेबल टाकून हर्बी ट्रेलोर बसला होता. बोटीवरच्या सगळ्या म्हाताऱ्यांचा हा म्होरक्या. त्यानं चष्मा वर केला, खाली केला.

“स्टाव्रोस!” त्यानं आत हाक घातली. “अरे, बाहेर ये. मी मेलोय बहुतेक. मर्टल पेंगेली शिडी चढून आलीय.”

“मेला असतास तर इतका बडबडला नसतास,” आतून आवाज आला.

“बघणाऱ्यांनी हा कागद छातीला चिकटवायचा असतो,” हर्बी मर्टलला म्हणाला.

“मी बघणारी नाही. सवत आहे.”

“सवतीसाठी वेगळा रंग नाही ठेवलेला. आहे तो लाव.”

स्टाव्रोस ओले हात पोटाला पुसत आला. हा मूळचा ग्रीक, कोळंबीच्या बोटीवर त्याचा जन्म गेला, आणि निवृत्त झाल्यावर आराम म्हणून तो या दुसऱ्या बोटीवर आला. त्यानं मर्टलला खलाशांच्या जेवणाच्या खोलीत नेऊन बसवलं. टेबल इतकं घासलेलं की लाकडाच्या रेषा उठून आल्या होत्या. गोल खिडकीतून पाण्यावरच्या उजेडाची जाळी छतावर पडली होती आणि तिथे संथ हलत होती. मर्टल तिच्याकडे बघत राहिली.

“चहा चालेल ना?” स्टाव्रोसनं विचारलं. “पाणी चालत नाही असं ऐकून आहोत.”

“हे पण सांगितलंय का त्यानं?”

“अगं, दर शनिवारी. ‘मर्टल म्हणते सवतीच्या घरी पाणी प्यायची नाही’, आणि मग स्वतःच हसायचा. आम्हाला वीट आला होता त्या विनोदाचा.” त्यानं चहाचा मग पुढे सरकवला. “आता नसतो तर करमत नाही.”

मर्टल चहा प्यायली. मग तिनं आपलं मागणं सांगितलं, क्लॅरीच्या पडण्यापासून सोमवारच्या डॉक्टरपर्यंत. हर्बीही दाराशी येऊन उभा राहून ऐकत होता. ती थांबली तेव्हा दोघं एकमेकांकडे बघेनात.

“ते सोडून काहीही माग,” हर्बी म्हणाला.

“दुसरं काही नकोच आहे मला.”

“मर्टल, ही बोट नौदलानं सोडली तेव्हा तो काटा ‘काम संपलं’वर गेला होता. त्यानंतर ती चिखलात पडली ती पडली. आम्ही पहिल्यांदा तिच्यावर चढलो तेव्हा काटा तिथेच गंजून बसला होता. हातोड्यानं सोडवला आणि ‘तयार राहा’वर आणून ठेवला. तेव्हाच ठरलं, काटा कुठेही फिरेल, त्या खुणेवर पुन्हा जायचा नाही. शाळेतली पोरं येतात, मोठे साहेब येतात, सगळ्यांना काटा फिरवायला देतो आम्ही. तिथे नाही.”

“कोणाचं हे शहाणपण?”

“तुझ्या नवऱ्याचं,” हर्बी म्हणाला. “हातोडा त्याचाच होता. त्या खुणेवर लाल रंग फासला तोही त्यानंच. आणि जो कोणी काटा इथे आणील त्याला भट्टीत घालीन म्हणाला. तुझ्यासमोर सांगत नाही, पण आणखीही बरंच म्हणाला.”

“ज्यानं नियम केला तो पडून पडून फुटतोय, आणि नियम तेवढा धडधाकट!” मर्टलचा आवाज चढला. “तुम्ही दोघं म्हातारे गुपचूप वाजवाल तर कोणाला कळणार आहे?”

“त्याला कळेल,” स्टाव्रोस हलकेच म्हणाला. “विचार कर जरा. ती घंटा त्याच्या कानाशी वाजवलीस तर त्याला काय वाटेल? बोट मेली असं वाटेल. मग झोपेल होय तो? तो धावत सुटेल, मर्टल.”

छतावरची उजेडाची जाळी हलत राहिली. इतकी वर्षं दाराबाहेर उभं राहून शेवटी आत यावं, आणि आत मागण्यासारखं काही नसावं, तसं तिला झालं.

तेवढ्यात वर डेकवर कोणीतरी लोखंडावर पाना आपटला.

“इंजिनाला फिरवायची वेळ झाली,” स्टाव्रोस उठला. “इतकी आलीस तर त्याची जागा तरी बघून जा. तोंड शिडीकडे करून उतर, आणि खाली बघू नकोस. बाकी गुडघा तुझा.”

खाली उतरताना मर्टलला आधी वास लागला. तेलाचा, जुन्या लोखंडाचा, ओल्या चिंध्यांचा. हा वास तिनं अर्धा जन्म दर रविवारी बादलीत भिजत घातला होता, घासून काढला होता, आणि सोमवारी दोरीवर वाळत टाकला होता. तिला वाटायचं वास गेला. तो जात नव्हता, इथे परत येत होता. तळाशी इंजिन उभं होतं, माणसापेक्षा उंच, हिरव्या रंगाचं, पितळी सांध्यांचं. छताच्या झडपेतून उन्हाचा एक तिरपा खांब आत उतरला होता आणि बोट पाण्याबरोबर तसूभर हलली की तो खांबही हलत होता, जणू कोणी वरून कंदील घेऊन चाललंय.

इंजिन नुसतं बसून राहिलं की त्याचे सांधे धरतात. म्हणून दर शनिवारी ही माणसं लांब लोखंडी दांड्यानं त्याला हातानं एक फेरा देतात. मागचा पंखा काढून टाकलेला आहे, त्यामुळे बोट जागची हलत नाही. तरी सगळं रीतसर. वरून हर्बीनं काटा फिरवला. खाली घंटा खणखणली. ‘हळू पुढे.’ स्टाव्रोसनं खालचा काटा जुळवून उत्तर दिलं. चार म्हाताऱ्यांनी दांड्याला खांदे लावले.

“रेट, रेट! नाश्त्याला काय नुसती हवा खाल्लीस?”

“तुझ्या बायकोनं केलेला केक खाल्ला. त्यानंच हलता येईना.”

आणि ते एवढं मोठं धूड सावकाश, एखादं जनावर झोपेत कूस बदलतं तसं फिरलं. आवाज जवळजवळ नाहीच. उन्हाचा खांब एका भिंतीवरून दुसरीवर गेला. मर्टलनं कठडा धरला. तिला वाटलं, धक्का मागे राहिला. तिवरं मागे राहिली. बाहेर पाणी बोटीच्या अंगाला घासत चाललंय आणि आपण कुठल्यातरी किनारा नसलेल्या समुद्रात आहोत. दर शनिवारी इतकं इतकं करत ही बोट कुठवर गेली असेल?

घंटा वाजली. ‘थांबा.’

मग म्हातारे दांडा ठेवून पांगले. इंजिनाचा जाड लोखंडी दंड जिथे जिथे टेकून फिरतो तिथे तिथे एकेक बेअरिंग होतं, आणि ज्यांच्याकडे ती होती त्यांनी आपापल्या बेअरिंगवर तेल सोडून तळहात टेकवला. डोळे मिटून, थोडा वेळ, तापलेल्या पोराच्या कपाळावर आई हात ठेवते तसा.

“पुढचं गार,” एक म्हणाला. “मधलं गार,” स्टाव्रोस म्हणाला.

सगळ्यात मागे, कोपऱ्यात, आणखी एक होतं. तिथे कोणी गेलं नाही. एक बादली पालथी घातलेली होती, बसायला. वर खिळ्याला एक कापडी टोपी आणि एक चिंधी टांगलेली. मर्टलनं टोपी ओळखली, तिनंच उसवलेली शिवली होती.

“ही त्याची जागा,” स्टाव्रोस म्हणाला. “त्याला वृद्धाश्रमात नेल्यापासून कोणी हात लावलेला नाही. तेल घालायचं ते दुरून, लांब नळीनं. बादलीवर कोणी बसत नाही. मान आहे त्याचा. पितळेची पाटीसुद्धा करायला टाकलीय. ‘क्लॅरी पेंगेली यांची जागा’ म्हणून. येत्या शनिवारपर्यंत येईल.”

“हे तळहात कशाला ठेवता?”

“जुनी रीत. इंजिन चालू असताना इथे इतका आवाज असायचा म्हणे, की बोललेलं ऐकू येत नसे. ड्यूटी बदलायला खाली आलेला माणूस प्रत्येक बेअरिंगला हात लावून बघायचा. तापलेलं असलं तर घ्यायचा नाही. नीट असलं तर म्हणायचा, ‘गार आहे. घेतली.’ मग जाणारा म्हणायचा, ‘दिली.’ तोवर त्यानं शिडीला हात लावायचा नाही. भट्टी फुटली तरी नाही. क्लॅरीनंच शिकवलं आम्हाला हे. आमच्यात कोणी आजारी पडला, गावाला गेला, तरी असंच देऊन जातो.”

मर्टल टोपीकडे बघत होती.

“मग क्लॅरीकडून कोणी घेतली?” तिनं विचारलं.

स्टाव्रोस तेलाच्या डब्याचं तोंड पुसत राहिला.

“मी विचारतेय, त्याच्याकडून कोणी घेतली? एकानं तरी जाऊन म्हटलं का त्याला?”

“आम्ही भेटायला गेलो होतो,” स्टाव्रोस चाचरला. “द्राक्षं घेऊन. फुटबॉलचं बोललो...”

“द्राक्षं!” मर्टल म्हणाली. “अरे, पाटी मेलेल्या माणसाची करतात. जिवंत माणसाची ड्यूटी घेतात. तुम्ही मान म्हणून बादली रिकामी ठेवलीत, आणि तो तिकडे बूट घालून फिरतोय. माझी सुटली नाही म्हणतोय. खरंच सांगतोय तो. नाहीच सुटली त्याची!”

मग शिडीवर हर्बीचे पाय दिसले. त्यानं वरून सगळं ऐकलं होतं.

“गाढव आहोत आपण,” तो उतरता उतरता म्हणाला. “एकजात सगळे. मी जातो आज. मी घेतो.”

“तुझ्यानं ही शिडी महिन्यातून एकदा उतरवत नाही,” स्टाव्रोस म्हणाला. “मी घेईन. मधल्याबरोबर मागचं.”

“तू?” मर्टल म्हणाली. “तुझा तळवा म्हणजे कढईचं बूड. क्लॅरी म्हणायचा, स्टाव्रोसला उकळतं तेलसुद्धा गारच लागतं. तुझ्यावर विश्वास नाही ठेवायचा तो. चेहरे विसरलाय, पण हात नाही विसरलेला.” ती पालथ्या बादलीकडे गेली. “मी घेते.”

कोणी हसलं नाही. हर्बीनं टोपी काढून डोकं खाजवलं.

“मर्टल, आमच्यात खोटं ‘घेतली’ म्हणत नाहीत. आज म्हणालीस की पुढच्या शनिवारी इथे हजर राहायचं. त्याच्या पुढच्याही. पाऊस असो, लग्न असो.”

“ठाऊक आहे मला. पाऊस असो, लग्न असो, गुडघा असो. मीच तर तिकडच्या बाजूला बसून काढलेत ते सगळे शनिवार.”

“आणि गुडघा?”

“गुडघा माझा. त्याची काळजी तू करू नकोस.”

रीतीप्रमाणे तिनं आधी पुढच्या आणि मधल्या बेअरिंगला हात लावून बघितला, मग स्टाव्रोसनं तिला तेलाचा डबा दिला. तिनं बेअरिंगच्या वरच्या भोकात तेल सोडलं, खिळ्यावरची चिंधी काढून ओघळ पुसला आणि तळहात टेकवला. पोरांचे ताप, इस्त्रीचं बूड, पावाचं पीठ, या हातानं सगळं पारखलं होतं. लोखंड आधी नुसतंच थंड लागलं. मग तिनं हात हलवला नाही तेव्हा हळूहळू त्यात काहीतरी जाणवलं. धडधड नव्हे, धडधडीची आठवण. तिनं डोळे मिटले. समोर एक किडकिडीत पोरगा उभा होता, घामानं भिजलेला, मानेभोवती फडकं, आणि त्याचाही हात याच लोखंडावर होता, तिच्या हाताच्या शेजारी. तो तिच्याकडे बघत नव्हता. त्याला अजून तिची ओळखच व्हायची होती. बाहेर पाणी चाललं होतं, चाललं होतं.

“गार,” ती म्हणाली.

टेकडीवर ती पोचली तेव्हा दुपार कलली होती. हात तिनं मुद्दाम धुतले नव्हते. खोलीच्या खिडकीतून आखात दिसत होतं, दुधाळ, बिनलाटांचं. क्लॅरी पलंगाच्या कडेला बसून बुटाची नाडी शोधत होता.

“बाजूला हो बाई,” तो म्हणाला. “मला खाली जायचंय.”

“मी खालूनच आले आत्ता.”

त्यानं मान वर केली. त्याच्या नाकपुड्या हलल्या. त्यानं तिचा हात धरला, उलटा केला, बोटांवरचं तेल अंगठ्यानं चोळून बघितलं.

“कोण तू?”

मर्टल, हे तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं मागे घेतलं. “नवीन आगवाली,” ती म्हणाली.

“बायका कधीपासून घ्यायला लागले?”

“माणसं मिळेनात.”

“ते खरं आहे,” क्लॅरी म्हणाला. “हर्बी ओरडेल पण.”

“हर्बीनंच पाठवलंय.”

तो विचारात पडला. एक बूट पायात, एक हातात. “पुढचं?” त्यानं अचानक विचारलं, आणि आवाज असा, की सेलासुद्धा दाराशी थबकली.

“गार.”

“मधलं?”

“गार.”

“कोणी बघितलं? त्या ग्रीकानं?”

“मी पण बघितलं.”

“मग ठीक.” तो थांबला. “मागचं?”

मर्टलनं त्याचा तळहात आपल्या तळहातावर घेतला आणि दाबून धरला. “मागचं बेअरिंग गार आहे,” ती म्हणाली. “घेतली.”

त्याच्या डोळ्यांत संशय होता, आणि संशयाच्या मागे एवढी दमणूक, की तिला बघवेना.

“तेल किती घातलंस?”

“भोक भरेस्तोवर.”

“आणखी थोडं लागतं तिला. मानी आहे, मागत नाही. आपणच ओळखायचं असतं.”

“ओळखीन.”

“घरी माझ्या एक आहे, अगदी तश्शीच,” क्लॅरी म्हणाला. मग त्यानं खांदे सैल सोडले. हातातला बूट आपोआप जमिनीवर पडला. “दिली,” तो म्हणाला.

त्यानं उशीकडे बघितलं, जणू ती आत्ताच कोणी आणून ठेवली होती. आडवा झाला. “चला,” तो पुटपुटला, “घरी जातो आता. मर्टलनं ताट ओव्हनमध्ये ठेवलं असेल. वाट बघते ती. म्हणत नाही कधी. पण बघते.”

मर्टलनं त्याच्या दुसऱ्या पायातला बूट काढला आणि पहिल्याच्या शेजारी पलंगाखाली ठेवला. खिडकीत बसली. खाली, लांब, कूनारा दुपारच्या झळीत पुन्हा पाणी सोडून वर आली होती. क्लॅरीचा श्वास जात होता, येत होता, खोल, लांब लाटेसारखा. दिवस बुडाला तरी तो उठला नाही. सेलानं येऊन पांघरूण ओढलं.

“काय दिलंत हो त्यांना?” तिनं कुजबुजत विचारलं.

“काही नाही. त्याच्याकडचं होतं ते घेतलं,” मर्टल म्हणाली.

सोमवारी डॉक्टर आले. सेलानं त्यांना दारातच तोंडावर बोट ठेवून थांबवलं आणि पलंगाखालचे बूट दाखवले. शनिवारपासून ते जागचे हलले नव्हते. औषधाचं नाव मग कोणी काढलं नाही.

पुढच्या शनिवारीही वारा पडलेला होता. आखातात टेकड्या सुटल्या होत्या, बोट हवेत होती. मर्टल ती खाली यायची वाट बघत थांबली नाही. हर्बीनं सवयीनं कागदाकडे हात नेला आणि परत घेतला. ती तोंड शिडीकडे करून उतरली, क्लॅरीची टोपी डोक्यावर घातली. वरून घंटा झाली, म्हाताऱ्यांनी खांदे लावले, उन्हाचा खांब या भिंतीवरून त्या भिंतीवर गेला.

पितळेची पाटी बनून आली होती. हर्बीनं ती फडक्यात गुंडाळून आणली आणि ओशाळून उभा राहिला. “हिचं काय करू?”

“दे इकडे,” मर्टल म्हणाली. तिनं पाटी बेअरिंगशेजारी आडवी ठेवली, तिच्यावर तेलाचा डबा ठेवला, म्हणजे खाली ओघळ लागायला नको. मग भोक भरेस्तोवर तेल सोडलं, त्यावर आणखी थोडं घातलं, आणि हात ठेवला.